जिमीच्या त्या कॅसेटी कधी ऐकायला मिळणार?

मागच्या अंकात अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवर लिहिताना 'ब्लॅक गोल्ड'चा उल्लेख अगदी जाता जाता केला होता, की मृत्यूच्या काही महिने आधी त्याने घरी एकट्याने गिटार घेऊन टेप केलेली गाणी आहेत आणि ती अजून बाहेर आलेली नाहीत, एवढंच. त्या दोन ओळींवर जेवढे मेल आले तेवढे बाकीच्या अख्ख्या लेखावर नाही आले. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नाही छापली, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (नाशिक): सर, हे ब्लॅक गोल्ड नक्की आहे काय? कुणी म्हणतं पूर्ण अल्बम होता, कुणी म्हणतं टेपा चोरीला गेल्या, माझा रूममेट तर म्हणतो की असं काही नव्हतंच, सगळी अफवा. एकदा पहिल्यापासून नीट सांगा ना.

उत्तर: अफवा नाही, टेपा आहेत. पहिल्यापासूनच सांगतो, कारण मधला एक तुकडा जरी सुटला तरी सगळ्याचा अर्थ बदलतो.

१९७० ची सुरुवात. जिमी २७ वर्षांचा. एक्सपीरियन्स हे त्याचं मूळ त्रिकूट आदल्या वर्षी मोडलेलं, नवीन वर्षाच्या रात्री न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला बँड ऑफ जिप्सीज घेऊन तो वाजवला आणि तो बँडही जानेवारी संपायच्या आत संपला. स्वतःचा स्टुडिओ बांधायला काढलेला, त्यात पैसा पाण्यासारखा चाललेला, आणि तो खर्च भागवायला परत दौरे. अशा दिवसांत ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या फ्लॅटवर तो कॅसेट रेकॉर्डर लावून एकटा बसला. अँप नाही, फझ, वाह-वाह असले गिटारचा आवाज बदलणारे पेडल नाहीत, मागे ड्रम नाहीत, नुसती अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी गिटार आणि आवाज. ज्या माणसाला आपण गिटार पेटवणारा म्हणून ओळखतो तो घरात बसून असा गात होता हेच मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पचायला वेळ लागला होता.

एकूण १६ गाणी. त्यातली निम्म्याहून जास्त दुसरीकडे कुठेच नाहीत. बाकीची आपल्याला वेगळ्या रूपात माहिती आहेत, 'मशीन गन', 'ड्रिफ्टिंग', 'अ‍ॅस्ट्रो मॅन', 'स्टेपिंग स्टोन', म्हणजे ज्यांचे स्टुडिओतले नाहीतर स्टेजवरचे अवतार आपण ऐकलेत. पण ही सुटी सुटी गाणी म्हणून टेप केलेली नव्हती, एकमेकांत गुंफलेली एक मोठी मालिका होती, बरीचशी स्वतःच्या आयुष्यावर बेतलेली. त्याच सुमाराच्या एका मुलाखतीत तो बोललाय की सध्या कार्टूनसारखं काहीतरी लिहितोय, एक गमतीशीर पात्र आहे आणि ते भलत्याच प्रसंगांतून जातं, आणि त्याला संगीतही लावता येईल. त्या टेपांत काय होतं याचा आपल्याकडे त्याच्याच तोंडचा जो पुरावा आहे तो हा.

आता महत्त्वाचं. त्या टेपा अँपेक्स या टेप कंपनीच्या एका काळ्या डब्यात, डब्यावर 'बीजी' लिहिलेलं, आणि डबा बांधलेला जिमीच्या डोक्याला बांधायच्या पट्टीने. ऑगस्टच्या शेवटी इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटचा महोत्सव झाला, जिमी स्टेजवर आला तेव्हा मध्यरात्र उलटून ३१ ऑगस्ट लागलेला, आणि त्या महोत्सवात हा डबा त्याने आपला ड्रमर मिच मिचेल याच्या हातात दिला. का, तर मिचने ऐकावं आणि त्यावर तालाचं काय करता येईल ते बघावं. १८ सप्टेंबरला जिमी लंडनमध्ये वारला. मध्ये फक्त १८ दिवस.

पुढे सगळे असंच धरून चालले की टेपा न्यूयॉर्कच्या फ्लॅटमधून चोरीला गेल्या, कारण तो गेल्यावर तिथून बरंच काही उचललं गेलं होतं. चोरीची गोष्ट आली ती इथून. आणि डबा सगळा वेळ मिचच्या घरी. १९९२ मध्ये टोनी ब्राऊन नावाचा हेंड्रिक्सचा मोठा अभ्यासक मिचला भेटला तेव्हा कळलं की टेपा शाबूत आहेत. २२ वर्षं! ज्या वस्तूसाठी जगभर लोक हळहळत होते ती एका ड्रमरच्या घरात पट्टी बांधून पडून होती. मिच २००८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडला वारला, जिमीच्याच गाण्यांचा दौरा नुकताच संपवून.

तुमच्या रूममेटला एवढंच सांगा की २०१० मध्ये 'वेस्ट कोस्ट सिअ‍ॅटल बॉय' या बॉक्स सेटमध्ये यातलं 'सडनली नोव्हेंबर मॉर्निंग' हे एक गाणं अधिकृतपणे आलंय. सोळातलं एक. ते ऐकवा त्याला, बाकी वाद घालायची गरज नाही.

आणि हो, "पूर्ण अल्बम होता" हेही बरोबर नाही. अल्बम झालाच नव्हता. ही त्याने आपल्या ड्रमरला दिलेली चिठ्ठी होती असं मी समजतो. बघ रे, हे असं डोक्यात आहे, तुझं काय म्हणणं. त्या चिठ्ठीचं उत्तर यायच्या आधी लिहिणारा गेला.

प्रश्न (ठाणे): घरच्यांकडे हक्क आहेत, टेपा सापडल्यात, चाहते पैसे द्यायला तयार आहेत, मग अडलंय कुठे? दर दोन-चार वर्षांनी हेंड्रिक्सचं काही ना काही निघतंच की, मग हेच का नाही? खरं सांगू का, मला राग येतो.

उत्तर: राग मलाही येतो, पण आधी जरा मागे जाऊ, कारण या कुटुंबाने फार वाईट दिवस बघितलेत.

जिमीच्या हयातीत स्टुडिओ अल्बम फक्त तीन आले, १९६७ मध्ये दोन आणि १९६८ मध्ये 'इलेक्ट्रिक लेडीलँड'. बाकी शेकडो तासांच्या टेपा अर्धवट. तो गेल्यावर १९७१ मध्ये 'द क्राय ऑफ लव्ह' आलं, ते मिच आणि त्याचा साउंड इंजिनिअर एडी क्रेमर यांनी मन लावून उभं केलेलं, ते मी आजही काढून ऐकतो. पण १९७५ मध्ये 'क्रॅश लँडिंग' निघालं त्यात निर्माता अ‍ॅलन डग्लसने काय केलं, तर मूळ टेपांवर जिमीबरोबर वाजवलेल्या लोकांचं वाजवणं काढून टाकलं आणि त्या जागी स्टुडिओतले भाड्याचे वादक आणून बसवले, ज्यांनी जिमीबरोबर कधी वाजवलंच नव्हतं. जिमी गेलेला, त्याचं वाजवणं पाच-सहा वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्याखाली नवीन माणसं त्याला साथ करतायत. ऐकताना अंगावर काटा येतो, चांगल्या अर्थाने नाही. कारण जिमी कधी मागे सरकतो, कधी पुढे धावतो ते समोरच्या ड्रमरकडे बघून, आणि इथे तो ज्याच्याकडे बघतोय तो माणूसच पुसलाय.

१९९५ मध्ये वडील अल हेंड्रिक्स यांना कोर्टाच्या भांडणानंतर हक्क परत मिळाले आणि त्यांनी दत्तक घेतलेली मुलगी जेनी हेंड्रिक्स तेव्हापासून कारभार बघते. त्यांच्याकडून आलेलं काम एकंदरीत नीट आहे, क्रेमरला परत बोलावलं ही तर फार चांगली गोष्ट केली. २०१० मध्ये ते एक गाणं आलं तेव्हा बाकीचंही या दशकात येईल असं जेनी म्हणाल्या होत्या. दशक कधीच सरलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. काढा, आणि आहे तसं काढा. खुर्ची करकरली तर करकरू दे, मध्ये गाणं तुटलं तर तुटू दे, शेवटी टेपची हिस, म्हणजे ती बारीक सूं, ऐकू आली तर येऊ दे. त्याच्या मागे ड्रम, बास, कोरस काही चढवू नका, आणि हल्ली जे सॉफ्टवेअर आवाज बनवून देतं त्याच्या जवळपासही नेऊ नका. मिचच ते काम करू शकला असता, आणि मिचही आता नाही. म्हणजे ती जागा आता रिकामीच राहणार, आणि ती रिकामी ऐकू यायला हवी.

प्रश्न (पुणे): एका ओळखीच्या ओळखीतल्या माणसाने पेन ड्राइव्हवर "ब्लॅक गोल्ड कम्प्लीट, १६ ट्रॅक, मास्टर टेपवरून, लॉसलेस" म्हणून दिलंय, १५०० रुपये घेतले. ऐकायला तर जिमीच वाटतोय, काही ठिकाणी खूप सुंदर आहे. खरं असेल का? कसं ओळखायचं?

उत्तर: नाही हो. जिमी असेलही, पण ब्लॅक गोल्ड नाही. या नावाने आजवर माझ्याकडे जे जे काही आलं ते सगळं जिमीच्याच दुसऱ्या घरगुती टेपांमधून जमवलेलं होतं, १९६८ च्या हॉटेलातल्या, मित्रांच्या घरच्या, आणि एकदा तर ते दुसऱ्याच कुणा गुणी मुलाचं वाजवणं होतं. तुम्हाला सुंदर वाटलं ते खरंच सुंदर असणार, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण पैसे परत मागा.

आता ओळखायचं कसं. जुने टेप जमवणारे लोक पहिला प्रश्न गाण्याचा विचारतच नाहीत, विचारतात की हे कुणाकडून कुणाकडे आलं. कुठल्या मशीनवर रेकॉर्ड झालं, पहिली कॉपी कुणी काढली, ही कितवी कॉपी. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी हिस वाढते आणि वरचा चकचकीतपणा जातो, आम्ही हॉस्टेलवर हेंड्रिक्स ऐकला तो चौथ्या की पाचव्या कॉपीवर, झांजा म्हणजे नुसता फुस्स आवाज, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की मिच झांजा वाजवतच नाही. तर तुमच्या त्या माणसाला ही साखळी सांगता आली का? "मास्टर टेपवरून" म्हणतो तर मास्टर, म्हणजे पहिली मूळ टेप, त्याच्यापर्यंत आली कशी हे विचारा.

दुसरं, फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर चित्रात दाखवणाऱ्या आलेखात, उघडा, फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. खऱ्या कॅसेटची हिस वर वर जाताना हळूहळू विरत जाते. तुम्हाला जर १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली आणि तिच्यावर काळोख, तर ती फाइल आधी हलक्या एमपीथ्रीत होती आणि नंतर तिला लॉसलेसचं, म्हणजे काहीच न गाळलेल्या फाइलचं, नाव दिलंय. मोठ्या डब्यात ओतलं म्हणून दूध वाढत नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. घरात लाइनवर चालणाऱ्या मशीनने रेकॉर्ड केलं की विजेची बारीक गुणगुण टेपवर उतरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ५०. म्हणजे न्यूयॉर्कच्या टेपवर गुणगुण ६० ला दिसली पाहिजे, ती ६४-६५ ला दिसली तर कॉपी करताना टेप जोरात पळालीये, आणि ६० बरोबर ५० चीही एक रेघ असेल तर समजायचं की वाटेत कुणीतरी इंग्लंडमध्ये नाहीतर भारतात कॉपी काढली. टेपने केलेला प्रवास असा वाचता येतो. बॅटरीवर रेकॉर्ड केलं असेल तर अर्थात ही खूण मिळणार नाही. आणि नुसत्या गिटारच्या सुरावरून वेग ठरवायला जाऊ नका, जिमी बहुतेक वेळा गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा, कॅसेटचा वेग साधारण सहा टक्के चुकला की बरोब्बर तेवढाच फरक पडतो, त्यामुळे नवशिके हमखास टेप "दुरुस्त" करून बिघडवतात.

आणि कव्हरवर काय लिहिलंय यावर तर कधीच जाऊ नका. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या द सीन या क्लबात जिमी वाजवत असताना द डोअर्स बँडचा गायक जिम मॉरिसन पिऊन स्टेजवर चढला आणि माइकवर बरळला, ती टेप वर्षानुवर्षं चोरट्या रेकॉर्डवर विकली गेली, आणि कव्हरवर गिटारवादक जॉनी विंटरचंही नाव असायचं. जॉनी विंटर स्वतः सांगत राहिला की मी जिम मॉरिसनला आयुष्यात भेटलेलोच नाही. तरी नाव राहिलं ते राहिलंच.

प्रश्न (कोल्हापूर): काका, मी एफवायला आहे, दीड वर्ष झालं गिटार शिकतेय. माझा प्रश्न कदाचित चुकीचा वाटेल पण फायनल गाणं एवढं भारी असताना डेमो कशाला ऐकायचा? मी एक-दोन ऐकले, मला ते अर्धवट वाटले. आणि ब्लॅक गोल्ड येईपर्यंत दुसरं काय ऐकू?

उत्तर: अगं चुकीचा कसला, बरोबर प्रश्न आहे, आणि अर्धवट वाटले कारण ते अर्धवटच असतात.

तू एक कर. डिसेंबर १९६७ मध्ये लंडनमध्ये चित्रित केलेलं जिमीचं 'हिअर माय ट्रेन अ कमिन' शोध. पांढरी पार्श्वभूमी, जिमी स्टुलावर, हातात १२ तारांची अकूस्टिक. सुरू करतो आणि थोड्याच वेळात थांबतो. म्हणतो थांबा जरा, फिल्म वाया घालवू नका, मी फार घाबरलो होतो, परत एकदा करू का? आणि परत सुरू करतो, आणि मग जे वाजवतो ते तू ऐकच. हे २५ वर्षांचं पोरगं तोवर दोन खंडांत गाजलेलं होतं, आणि एका कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसायला घाबरलं. दुसऱ्यांदा वाजवताना पाय कसा ताल धरतो ते बघ, ड्रमर त्याच्या पायात आहे. फायनल अल्बमात तुला हे दिसणार नाही कारण तिथे सगळं झाकलेलं असतं, चार गिटारी एकावर एक, उलटी फिरवलेली टेप, या कानातून त्या कानात जाणारा आवाज.

डेमो ऐकताना गाणं शोधू नकोस, हात शोध. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मध्ये अंगठा काय करतोय, कुठे चाचपडतोय, कुठली ओळ गुणगुणून सोडतोय कारण शब्द अजून सुचलेले नाहीत. आपल्याकडे बुवा रियाजाला बसलेले असताना दाराबाहेर उभं राहून ऐकायला मिळालं तर शिष्य काय काय घेऊन जातो, तसंच आहे हे. मैफलीत ते कळत नाही.

काय ऐकू म्हणालीस तर १९६८ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या ड्रेक हॉटेलात जिमीने स्पूल मशीनवर केलेले डेमो ऐक, ते 'इलेक्ट्रिक लेडीलँड'च्या ५० वर्षांच्या बॉक्समध्ये २०१८ मध्ये आलेत. ती इलेक्ट्रिक गिटार आहे पण अगदी हळू वाजवलेली, आवाजही खालचा. आधी डेमो ऐक, दोन दिवस तोच ऐक, आणि मग अल्बममधलं तेच गाणं लाव. उलटं करू नकोस. गिटार अर्धा स्वर उतरवून घे आणि बरोबर वाजवून बघ, आणि काय सापडलं ते मला नक्की लिहून पाठव.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही इथून ग्रीनिच व्हिलेजला वरचेवर जातो. ते घर, तो स्टुडिओ बघता येतो का?

उत्तर: स्टुडिओ म्हणजे इलेक्ट्रिक लेडी, ५२ वेस्ट एट्थ स्ट्रीट, आजही चालू आहे, पण कामाचा स्टुडिओ आहे, बाहेरून बघायचा. त्याचं उद्घाटन २६ ऑगस्ट १९७० ला झालं आणि लगेच जिमी इंग्लंडला निघाला तो परत आलाच नाही, हे दारासमोर उभं राहिलात की आठवेल. फ्लॅट तिथून चालत काही मिनिटांवर, बाराव्या रस्त्यावर, लोक राहतात तिथे त्यामुळे लांबूनच. आत जाऊन बघायचं असेल तर मात्र लंडनला जावं लागेल, २३ ब्रूक स्ट्रीटला वरच्या मजल्यावर जिमी १९६८-६९ मध्ये राहायचा ती खोली तशीच सजवून लोकांसाठी उघडलीये, आणि भिंतीला भिंत लागून शेजारचं घर संगीतकार हँडलचं. जिमीला हे कळल्यावर तो जाऊन हँडलच्या रेकॉर्ड घेऊन आला होता.

प्रश्न (मिरज): नमस्कार. माझा प्रश्न रॉकचा नाही पण तुमचा लेख वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील गेल्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात २३ कॅसेटी आहेत, घरगुती बैठकांच्या, त्यांनी स्वतः टेप केलेल्या, १९७९ ते १९८८ च्या. कुठेही बाहेर न आलेलं गाणं आहे. दोन कॅसेटी मी इथल्या एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. फाइल आली ती "क्लीन" करून, आणि तंबोराच गायब. शिवाय दोन रागांच्या मधलं बोलणं त्यांनी रिकामं समजून कापलं, त्यात बाबांचा आवाज होता, "पंखा बंद करा रे जरा" असं म्हणायचे. एका कॅसेटवर पांढरी बुरशी आलीये आणि एक लावली तर मशीनमध्ये गुंडाळली. आता पुढे काय करू?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रॉकचा नाही कसा, हा तोच प्रश्न आहे.

तंबोरा का गेला ते आधी सांगतो. हिस काढणारं सॉफ्टवेअर काय करतं, तर जो आवाज सतत, न बदलता चालू आहे त्याला कचरा समजतं. तंबोरा नेमका तसाच, सतत. त्यामुळे पंख्याच्या घरघरीबरोबर तोही पुसला जातो आणि गवई हवेत लटकल्यासारखा वाटतो. दुकानदाराने मुद्दाम केलं नसेल, पण यापुढे कुणालाही द्याल तर कागदावर लिहून द्या की काहीही साफ करायचं नाही, काहीही कापायचं नाही, कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत जशी आहे तशी. साफसफाई हवी तर नंतर दुसऱ्या कॉपीवर करता येते, मूळ उतरवलेल्या फाइलला हात लावायचा नाही.

बुरशीवाली कॅसेट आज वेगळी काढा, बंद डब्यात, बाकीच्यांपासून लांब, आणि ती अजिबात लावू नका, कारण ती मशीनच्या हेडला लागते आणि मग त्यावर वाजलेल्या प्रत्येक कॅसेटला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठ-दहा दिवस कोरडी होऊ द्या, तुमच्याकडे पावसाळा कसा असतो ते मला माहितीये. पुढे तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने, पण ते काम ज्याला हात बसलाय अशा माणसाकडूनच करून घ्या.

गुंडाळलेली कॅसेट गेली असं समजू नका. टेप चुरगळली असेल, तुटली नसेल तर पेन्सिलीने हळूहळू आत घ्या, आणि स्क्रूवाला रिकामा कॅसेटचा सांगाडा मिळतो त्यात टेपचे दोन्ही गोळे उचलून ठेवता येतात. जिमीचीच गोष्ट सांगतो. १९६७ मध्ये 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह'ची पहिली बाजू मिक्स होऊन तयार, आणि ती मास्टर टेप तो लंडनच्या टॅक्सीत विसरला. मिळालीच नाही. रात्रभर बसून सगळं पुन्हा मिक्स केलं, पण एक गाणं काही केल्या पहिल्यासारखं जमेना. शेवटी बेसिस्ट नोएल रेडिंगकडे त्याची एक कॉपी निघाली, ती इतकी चुरगळलेली की तिला इस्त्री करावी लागली. इस्त्री! आणि जगाने ऐकलं ते हेच. तुम्ही इस्त्री करू नका, कॅसेटची टेप त्याहून फार पातळ असते, सी-९० ची तर सी-६० पेक्षाही पातळ, आणि जुनी टेप ओव्हनमध्ये गरम करायचा उपायही कुणीतरी सांगेल, तो काही ठरावीक कंपनीच्या स्पूल टेपांसाठीचा आहे, कॅसेटला नको.

उतरवताना मशीन चांगलं घ्या, बाजारात मिळणारं दोन हजारांचं यूएसबीवालं खेळणं नको, एखादा जुना डेक दुरुस्त करून घ्या, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या म्हणजे चिकटलेली टेप सुटते. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवत फिरवत टाळ्या आणि तबल्याची चाट जिथे सर्वात लख्ख ऐकू येईल तिथे ठेवायचा, कारण बाबांच्या मशीनचं हेड ज्या कोनात होतं तो कोन तुम्हाला कानाने शोधायचाय, आणि दर कॅसेटला शोधायचाय. डॉल्बीचं, म्हणजे हिस कमी करण्याचं, बटण बंद, कव्हरवर तशी खूण असेल तरच चालू. २४ बिट, वेव्ह फाइल, एमपीथ्री नाही. दोन ठिकाणी कॉपी, एक घराबाहेर. आणि फाइलच्या बरोबर एक साधा मजकूर ठेवा, कुणाच्या घरची बैठक, कुठल्या साली, तबल्याला कोण, पेटीला कोण, मशीन कुठलं, कुणी कधी उतरवलं. कव्हरच्या आतल्या पट्टीवर बाबांनी जे लिहिलंय त्याचा फोटो काढा, खाडाखोड असली तरी. ज्यांना हे लोक ओळखू येतील अशी माणसं अजून मिरजेत असतील त्यांच्याकडे या महिन्यातच जा.

आणि त्या दुकानाने दोन मूळ कॅसेटी परत दिल्यात ना? मग बोलणं कापलं गेलंय ते फाइलमधून, कॅसेटमधून नाही. "पंखा बंद करा रे जरा" अजून तिथेच आहे. बाकीच्या २१ राहू द्या, त्या दोन आधी घ्या.